केंब्रिजमध्ये पोस्टडॉक: जाहिरात शोधण्यापासून रुजू होण्यापर्यंत

जून २०२४ मध्ये मी पुण्यात पीएच.डी.चा प्रबंध जमा केला. सोडियम-आयन बॅटरीसाठी लागणारा कार्बन हा माझा विषय. शिष्यवृत्तीची पाच वर्षं संपली होती, त्यामुळे दरमहा येणारे पैसे थांबले. गाइड मॅडमनी प्रयोगशाळेत बसायला जागा दिली होती, पण पगार नव्हता. केंब्रिजमध्ये पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी मिळेपर्यंतचे पुढचे जवळजवळ अकरा महिने कसे गेले ते इथे सविस्तर लिहिते आहे. मला स्वतःला मराठीत असं काही वाचायला मिळालं नाही. इंग्रजीत पुष्कळ आहे, पण ते लिहिणाऱ्यांना व्हिसा लागत नाही आणि दाखल्यावरच्या नावाचा घोळही निस्तरावा लागत नाही.

आधी घरची बाजू सांगते. मी कराडची. दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात. घरच्यांच्या मते नोकरी म्हणजे कायमची नोकरी. पीएच.डी. झाल्यावर कॉलेजात तासिका तत्त्वावर लागायचं आणि कायम पदाची जाहिरात आली की अर्ज करायचा, हा आमच्याकडचा मळलेला रस्ता. तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या कितीतरी मैत्रिणी त्यावर नेटाने चालत आहेत. पण मी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम नीट वाचले. विद्यापीठात सहायक प्राध्यापक पदासाठी उमेदवारांची चाळणी करताना पीएच.डी.ला ३० गुण, नेट या पात्रता परीक्षेला ५, नेटसोबत जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्तीही असेल तर ७, शोधनिबंधांना प्रत्येकी २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० आणि अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० गुण होते. म्हणजे परदेशात पोस्टडॉक केलं तरी ती वर्षं इथे वाया जात नाहीत. बाबांना हे कागदावर दाखवलं तेव्हा त्यांचा विरोध मावळला, पण प्रश्न राहिलाच: "अगं, दोन वर्षांनी काय?" त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

शोध जुलैमध्ये सुरू केला. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या बहुतेक जागा 'जॉब्ज डॉट एसी डॉट यूके' या एका संकेतस्थळावर येतात. तिथे विषय आणि पदाचा प्रकार निवडून ठेवला की रोज सकाळी मेल येतो. त्याशिवाय प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं नोकऱ्यांचं पान असतं, तेही बघावं. पहिले दोन आठवडे मी नुसत्या जाहिराती वाचल्या, अर्ज एकही केला नाही. तो वेळ सत्कारणी लागला, कारण पदांची उतरंड लक्षात आली. केंब्रिजपुरतं सांगायचं तर पीएच.डी. नसलेल्याला रिसर्च असिस्टंट, पीएच.डी. झालेल्याला रिसर्च असोसिएट आणि त्यावर सीनियर रिसर्च असोसिएट. शिकवण्याची पदं वेगळी. त्यांची नावं २०२२ मध्ये बदलली आणि पूर्वी ज्याला लेक्चरर म्हणत ते आता असिस्टंट किंवा असोसिएट प्रोफेसर झाले. नवख्या पीएच.डी.वाल्याने रिसर्च असोसिएटच्या जागा बघाव्यात. आपल्याकडे 'असोसिएट' म्हटलं की वरचं पद वाटतं, म्हणून काही जण घाबरून ती जाहिरात उघडतच नाहीत. खरं तर ती आपल्यासाठीच असते.

आणखी एक गोष्ट. केंब्रिजची एकतीस कॉलेजं आणि विद्यापीठाचे विभाग यांचा कारभार वेगवेगळा आहे. नोकरी विभाग देतो, प्रयोगशाळा विभागात असते. कॉलेजं स्वतःच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिप जाहीर करतात, साधारण उन्हाळ्याच्या अखेरीपासून. त्यांचा आपल्या नेट-जेआरएफशी काही संबंध नाही. त्यांना भयंकर स्पर्धा असते आणि स्वतःचा स्वतंत्र संशोधन-प्रस्ताव लागतो. रॉयल सोसायटीची न्यूटन फेलोशिप आणि युरोपची मारी क्युरी फेलोशिप यांचंही तसंच, आणि त्यांना यजमान प्राध्यापक आधी तयार असावा लागतो. माझ्याकडे तेवढा वेळ आणि शिलकीत तेवढे पैसे नव्हते, म्हणून मी जाहिरातीतल्या पदांवरच भर दिला.

आता या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. मोठ्या विद्यापीठाचं नाव बघून आपल्याला वाटतं की आपण त्या विद्यापीठाकडे नोकरी मागतोय. प्रत्यक्षात पोस्टडॉकची नोकरी देतो एक प्राध्यापक, स्वतःला मिळालेल्या एका अनुदानातून. त्या अनुदानात 'एक पोस्टडॉक, दोन वर्षं' असं आधीच लिहिलेलं असतं. जाहिरातीत 'या पदासाठी सध्या दोन वर्षांचा निधी उपलब्ध आहे' अशी जी ओळ असते तिचा अर्थ हाच. त्यामुळे जाहिरातीची वाट बघत बसण्यापेक्षा अनुदान कोणाला मिळालंय ते शोधावं. ब्रिटनच्या संशोधन-परिषदांची मिळून जी यूकेआरआय ही संस्था आहे, तिचा 'गेटवे टू रिसर्च' नावाचा माहितीसाठा सगळ्यांना खुला आहे. तिथे आपल्या विषयाचे शब्द टाकले की प्रकल्पाचं नाव, प्रमुख संशोधक, रक्कम आणि सुरू होण्याची व संपण्याची तारीख दिसते. मी सोडियम-आयन, हार्ड कार्बन, घन-अवस्था इलेक्ट्रोलाइट असे शब्द टाकून बसले. नुकत्याच सुरू झालेल्या किंवा लवकरच सुरू होणाऱ्या प्रकल्पांची एक वही केली.

त्या वहीतल्या लोकांना मेल लिहिले. मेल लहान ठेवला, दहा-बारा ओळींचा. पहिल्या दोन ओळींत मी कोण आणि प्रबंध कधी जमा केला. मग त्यांच्या प्रकल्पातली नेमकी कुठली गोष्ट माझ्या कामाला लागून आहे, तेही सरसकट स्तुती न करता. उदाहरणार्थ, 'कार्बनच्या छिद्रांमध्ये सोडियम कुठल्या व्होल्टेजला साठतो यावर माझा अमुक निबंध आहे, तुमच्या प्रकल्पाचा दुसरा भाग त्याच प्रश्नावर आहे'. शेवटी एकच प्रश्न: या प्रकल्पात जागा निघणार आहे का, आणि केव्हा? सोबत दोन पानी सीव्ही. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब' या थाटाचे मेल तिकडे न वाचताच पुसले जातात, हे मला आमच्याच संस्थेतून गेलेल्या एका सीनियर ताईने आधी बजावून ठेवलं होतं. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. काहींनी जागा नाही म्हणून सभ्यपणे कळवलं. केंब्रिजच्या रसायनशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापकांचं उत्तर आलं: जाहिरात ऑक्टोबरमध्ये निघेल, तेव्हा रीतसर अर्ज करा, ओळखीवर काही ठरत नाही.

दरम्यान इतर ठिकाणी अर्ज चालूच होते. नकार आले, आणि त्याहून जास्त ठिकाणांहून काहीच आलं नाही. या काळात मन खचतं, हे लिहायला हवं. गणपतीत घरी गेले तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "मग, लागली का नोकरी?" आई माझ्या वतीने उत्तरं द्यायची. मला एका गोष्टीने आधार दिला. आठवड्यातले तीन दिवस अर्जांचे आणि उरलेले प्रयोगशाळेचे, अशी वाटणी केली. अर्धवट राहिलेला एक शोधनिबंध त्या काळात पूर्ण होऊन गेला.

ऑक्टोबर २०२४ च्या मध्यावर जाहिरात आली. अर्जाची मुदत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, पगार ३७,१७४ ते ४५,४१३ पौंड वर्षाला. जाहिरातीसोबत एक जोडपत्र होतं, त्यात पदाची कामं आणि उमेदवाराकडे काय हवं याची यादी. यादीचे दोन भाग: आवश्यक आणि असल्यास उत्तम. हे जोडपत्र म्हणजे प्रश्नपत्रिका आहे आणि अर्जाचं पत्र म्हणजे उत्तरपत्रिका. निवड समितीतले लोक त्या यादीतल्या प्रत्येक मुद्द्यापुढे या अर्जात पुरावा आहे की नाही, एवढंच तपासतात. म्हणून मी पत्रात त्याच क्रमाने परिच्छेद केले आणि प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला त्यांचेच शब्द वापरले. 'इलेक्ट्रोकेमिकल मोजमापांचा अनुभव' असं हवं होतं, तिथे मी नाणं-सेल (नाण्याच्या आकाराची छोटी बॅटरी) स्वतः जुळवते, ग्लोव्ह बॉक्सची देखभाल तीन वर्षं माझ्याकडे होती, इम्पीडन्सची, म्हणजे सेलच्या आतल्या विद्युत-विरोधाची, मोजमापं कुठल्या निबंधात आहेत, हे लिहिलं. 'असल्यास उत्तम' मध्ये घन-अवस्था एनएमआर (घन पदार्थाची आतली रचना तपासण्याचं तंत्र) होतं. ते मी स्वतः केलेलं नाही. तसं स्पष्ट लिहिलं, आणि पुढे लिहिलं की दुसऱ्या संस्थेत नमुने पाठवून मिळवलेल्या एनएमआर विदेचं विश्लेषण मी केलं आहे आणि तो आलेख अमुक निबंधात चौथा आहे. पुढे मुलाखतीत नेमका याच वाक्यावर प्रश्न आला.

सीव्हीबद्दल थोडं. आपल्या बायोडेटात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती असं सगळं असतं. ते सगळं काढलं. वय, वंश, लिंग वगैरे माहिती ते वेगळ्या फॉर्ममध्ये विचारतात आणि तो फॉर्म निवड समितीपुढे जात नाही. दहावी-बारावीचे टक्केही काढले. साक्षांकित प्रती, चार संच, चलन यातलं काही लागत नाही. अर्जाला शुल्क नसतं. कुणी नोंदणी फी किंवा 'प्रोसेसिंग'चे पैसे मागत असेल तर तो मेल बंद करावा, आणि परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांनाही या कामासाठी पैसे देऊ नयेत. संशोधनाच्या नोकरीत ते काहीच करू शकत नाहीत. शिफारस करणाऱ्यांना मात्र आधी विचारून ठेवा आणि जाहिरात त्यांना पाठवा. मुलाखतीच्या आधीच त्यांच्याकडे पत्र मागितलं जाऊ शकतं आणि मुदत दोन-चार दिवसांची असते. मॅडम त्या आठवड्यात परिषदेला जाणार होत्या, म्हणून त्यांनी पत्र आधीच लिहून ठेवलं.

नोव्हेंबरमध्ये माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. त्याच महिन्याच्या शेवटी मुलाखतीचा मेल आला: गुरुवार, १२ डिसेंबर, सकाळी दहा, व्हिडिओवर. दोन गोष्टी लगेच तपासल्या. एक, वेळ. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे करतात, त्यामुळे उन्हाळ्यात साडेचार तासांचा असलेला फरक हिवाळ्यात साडेपाच तासांचा होतो. म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. दुसरी, गुरुवार. पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. मी मुलाखत संस्थेतल्या छोट्या सभागृहात दिली, तिथे जनरेटर आहे. शिवाय फोनचं इंटरनेट तयार ठेवलं आणि सादरीकरणाची फाइल आदल्या दिवशी त्यांना मेलने पाठवून दिली.

समोर तीन जण होते: ते प्राध्यापक, विभागातल्या दुसऱ्या गटाच्या एक प्राध्यापिका आणि एक वरिष्ठ संशोधक. पंधरा मिनिटांचं सादरीकरण, मग अर्धा-पाऊण तास प्रश्न. माझ्या सातव्या पारदर्शिकेवर इम्पीडन्सचा आलेख होता, एक अर्धवर्तुळ आणि पुढे वर चढत जाणारी शेपटी. प्राध्यापिकाबाईंनी तिथेच थांबवलं. "हे किती सेलवर केलंत?" मी म्हटलं, प्रत्येक नमुन्याचे तीन. "मग तिघांचं अर्धवर्तुळ एवढंच मोठं होतं?" नव्हतं. एकाचं बरंच मोठं होतं. मी तो आलेख परिशिष्टात ठेवला होता, तो उघडून दाखवला आणि विभाजक, म्हणजे सेलमधल्या दोन टोकांमधला पातळ पडदा, इलेक्ट्रोलाइटच्या द्रावात नीट भिजला नसावा असं मला का वाटतं ते सांगितलं. त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली आणि ती परीक्षेसारखी वाटली नाही, दोन सहकारी बोलत असावेत तशी वाटली. बाकीचे प्रश्न अपेक्षित होते: अपयशी ठरलेला प्रयोग, विद्यार्थ्यांना कसं शिकवाल, वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या लोकांबरोबर काम केल्याचा अनुभव. या शेवटच्या प्रश्नाची तयारी आपल्याकडे कुणी करत नाही. तो जवळपास सगळीकडे विचारतात. मी आमच्या प्रयोगशाळेत मराठी माध्यमातून आलेल्या एमएस्सीच्या मुलांसाठी उपकरणांच्या सूचना मराठीत लिहून भिंतीवर लावल्या होत्या, ते सांगितलं.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं विचारतात. तेव्हा गप्प बसू नये. मी विचारलं की याआधीचे तुमचे पोस्टडॉक आता कुठे आहेत. उत्तरावरून त्या गटाबद्दल पुष्कळ कळतं.

पुढच्या आठवड्यात होकार आला. मेल वाचून मी आईला फोन लावला आणि मला बोलताच येईना. पण तो होकार सशर्त असतो. पदवी, शिफारसपत्रं आणि काम करण्याचा परवाना या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच नेमणूक पक्की. त्यातच नाताळ आला. २४ डिसेंबर ते २ जानेवारी तिकडे कुणीही मेलला उत्तर देत नाही, हे धरूनच चाला.

पदवीचं असं असतं. केंब्रिजमध्ये प्रबंध जमा केलेला पण पदवी न मिळालेला उमेदवार आधी रिसर्च असिस्टंट म्हणून कमी पगारावर रुजू होतो, आणि पीएच.डी. जाहीर झाली की असोसिएट होतो. माझी पीएच.डी. जाहीर झाल्याची अधिसूचना जानेवारीत निघाली, त्यामुळे हा टप्पा टळला. तुमची तोंडी परीक्षा लांबणीवर पडत असेल तरी अर्ज थांबवू नका, ही सोय त्यासाठीच आहे.

नावाचा घोळ मात्र टळला नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पदवीच्या कागदावर पुन्हा आडनाव आधी, आणि एका ठिकाणी बाबांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी विचारलं, या तीन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत का? मी नोटरीकडून एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराचा स्टॅम्पपेपर बाद झाला, पाचशेचा घ्यावा लागला. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी हे काम अर्ज करायच्या आधीच उरकावं.

मग एटास. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी अशा विषयांत ब्रिटनमध्ये संशोधन करायला जाणाऱ्या भारतीयांना हे मंजुरीपत्र लागतं. तुमचं संशोधन शस्त्रास्त्रांसाठी वापरलं जाण्याचा धोका आहे का, हे त्यांचं परराष्ट्र खातं तपासतं. शुल्क नाही. पण वेळ लागतो, सहा आठवडे धरावेत. संशोधनाचं निवेदन आणि विषयाचा सांकेतिक क्रमांक विभाग देतो, तो जसाच्या तसा उतरवायचा. आजवरचं शिक्षण, सगळे शोधनिबंध आणि शिफारस करणाऱ्या दोघांची माहिती भरायची. मी जानेवारीच्या पहिल्या सोमवारी अर्ज केला आणि मंजुरी फेब्रुवारीच्या शेवटी आली. या मधल्या काळात तक्रार करून काही उपयोग नसतो. तोवर क्षयरोगाची तपासणी आणि इंग्रजीचा दाखला ही कामं करून घेतली. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच्या यादीतल्या दवाखान्यातच करावी लागते, दुसरीकडचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून फार आधी करू नये. इंग्रजीसाठी आयईएल्ट्स द्यायची किंवा पदवी इंग्रजीतून झाल्याचं एक्टिस या संस्थेकडून प्रमाणित करून घ्यायचं. मी दुसरा मार्ग घेतला. त्यासाठी पीएच.डी.चं माध्यम इंग्रजी असल्याचं विद्यापीठाचं पत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो, डिसेंबरातच अर्ज देऊन ठेवा.

व्हिसा कुशल कामगार प्रकारचा. इथे एक आकडा बघून पुष्कळ जण घाबरतात: तेव्हा या व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा ३८,७०० पौंड होती आणि माझा पगार ३७,१७४ पासून सुरू होणारा. पण पोस्टडॉकच्या पदांना आणि विज्ञानातल्या पीएच.डी.वाल्यांना सवलत असते, त्यांच्यासाठी ती ३०,९६० होती. या मर्यादा बदलत राहतात, अर्ज करताना सरकारी पान बघावं.

पैशाचं स्पष्ट सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. मार्च २०२५ मध्ये मी अर्ज केला तेव्हा तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाचं शुल्क ७१९ पौंड होतं, ९ एप्रिलपासून ते ७६९ झालं. त्यावर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य-अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, आधीच भरायचा. दोन्ही मिळून तीन लाख रुपयांच्या वर गेलं. विमानाचं तिकीट आणि पहिल्या महिन्याची तजवीज वेगळी. माझी शिल्लक पुरली नाही. बाबांनी मुदत ठेव मोडली. याबाबत एक करा: होकाराचा मेल आल्याबरोबर विचारा की व्हिसाचा खर्च परत मिळतो का, निदान बिनव्याजी उचल मिळते का. अनेक विद्यापीठांत यातलं काहीतरी असतं, पण ते आपणहून सांगतीलच असं नाही. तसंच राहण्याच्या खर्चाची हमी विद्यापीठाने व्हिसासाठीच्या प्रायोजन-पत्रात दिली की बँकेत १,२७० पौंड अठ्ठावीस दिवस दाखवण्याची अट सुटते. ती हमी दिली आहे ना, हे विचारून घ्या.

बोटांचे ठसे पुण्यातच दिले. तीन आठवड्यांनी पासपोर्ट आला, त्यावर नव्वद दिवसांचा शिक्का. कार्ड आता मिळत नाही, सगळं ऑनलाइन खात्यात असतं. आणि १ मे २०२५ ला, महाराष्ट्र दिनी, मी लेन्सफील्ड रोडवरच्या रसायनशास्त्र विभागात रुजू झाले. या विभागाला २०२० पासून युसूफ हमीद यांचं नाव आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे ते डॉ. हमीद, ते इथेच शिकले. दारावर ते नाव वाचून बरं वाटलं.

राहण्याबद्दल थोडक्यात. घरात एक खोली घ्यायची तर महिन्याला साधारण ७०० ते ९०० पौंड पडतात. अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, तसा कायदा आहे. घर न बघता भारतातून पैसे पाठवू नका. विद्यापीठाच्या निवास-कार्यालयामार्फत पहिल्या महिन्यापुरती खोली घ्या आणि मग फिरून शोधा. विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) नसतो, आपल्याला असतो. भाड्यात तो धरलाय का ते विचारा.

२० मे रोजी, मी येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, डॉ. जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. शनिवारी चालत मॅडिंग्ली रोडवरच्या खगोलशास्त्र संस्थेपर्यंत गेले. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी ती उभी केली तेव्हा नारळीकर तिथे सुरुवातीच्या मंडळींत होते. १९७२ मध्ये ते मुंबईला टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. संध्याकाळी फोनवर बाबांना हे सांगत होते. "परत आले ते," एवढंच बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ आम्ही त्यांच्याबद्दलच बोललो.

इथे आल्यावर निवडीची दुसरी बाजूही पाहायला मिळाली. आमच्या गटात दुसरी जागा निघाली तेव्हा सरांनी चाळणीचा कोरा तक्ता मला समजावून सांगितला. आडव्या ओळीत उमेदवार, उभ्या रकान्यात जोडपत्रातलेच मुद्दे, आणि प्रत्येक चौकटीत आकडा. ज्या मुद्द्याबद्दल अर्जात काहीच लिहिलेलं नाही तिथे शून्य टाकावं लागतं, मग तो माणूस ते काम उत्तम करत असल्याचं समितीतल्या एखाद्याला ठाऊक असलं तरी. भारतातून आलेले काही अर्ज शोधनिबंधांच्या यादीने भारदस्त होते, पण पत्र एका परिच्छेदाचं आणि कुठल्याही विद्यापीठाला चालेल असं, असं सरांनी हळहळून सांगितलं. म्हणूनच वर जोडपत्राबद्दल एवढं लांबण लावलं.

माझा करार ३० एप्रिल २०२७ पर्यंत आहे. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली तर पुढे, नाहीतर २०२६ च्या दिवाळीपासून मला पुन्हा शोध सुरू करायचा आहे. यावेळी वहीत दोन याद्या असतील, एक इकडची आणि एक महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधल्या जाहिरातींची.